जिथं वाकलेलं दिसतं तिथंच खरवडलं

अमेरिकेतल्या कान्ससच्या या भागात 'हेज' म्हटलं की लोकांना कुंपणाआधी झाड आठवतं. पुस्तकी नाव ओसेज ऑरेंज. संत्र्याशी त्याचं काही नातं नाही, ते तुती-फणसाच्या कुळातलं. काटेरी तारेचं गाजलेलं पेटंट 1874 चं. त्याआधी या उघड्या माळावर गुरं अडवायला शेतकऱ्यांनी याच काटेरी झाडांच्या रांगा लावल्या. तारा आल्यावर त्यांना खांब लागले, तेही याच झाडाचे निघाले, कारण जमिनीत पुरलं तरी हे लाकूड कित्येक दशकं कुजत नाही. आणि या सगळ्याच्या कितीतरी आधी ओसेज नावाचे इथले मूळ रहिवासी त्याची धनुष्यं करत होते. जॉन ब्रॅडबरी नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ 1811 मध्ये मिसुरी नदीने वर गेला होता. त्याने लिहून ठेवलंय की अरिकारा या तिथल्या आदिवासी लोकांत या लाकडाच्या एका धनुष्याला एक घोडा आणि एक घोंगडी पडते.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्याचे नमुने, करायचो. बायकोच्या नोकरीमागे इकडे आलो आणि धनुष्यं करणाऱ्या एका छोट्या शॉपमध्ये लागलो. मालक आणि मी, दोघंच. धनुष्यासाठी ओंडका उभा फोडून काढलेला लांब तुकडा म्हणजे फाक. सरळ रेषेच्या फाका मालक करतो. वाकडं काही आलं की माझ्या बाकावर.

ही फाक एका निवृत्त शेतकऱ्याची. वडिलांच्या वेळची झाडांची रांग काढून टाकायचं ठरलं, तेव्हा त्याने एक ओंडका बाजूला ठेवला, पाचरा ठोकून फोडला, टोकं तडकू नयेत म्हणून त्यांना रंग फासला आणि गोठ्याच्या माळ्यावर चांगली वाळू दिली. इथवर सगळं शहाण्यासारखं. फक्त ओंडकाच वाकडा निवडला होता.

आणि वाकडा म्हणजे दोन्ही अंगांनी. वरून पाहिलं तर खालचा भाग एका बाजूला झुकलेला आणि वरचा अर्धा नागमोडी. बाजूने पाहिलं तर आणखी गंमत. धनुष्याची निशाणाकडची बाजू म्हणजे पाठ, नेमबाजाकडची म्हणजे पोट. मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग म्हणजे पाती. या फाकेच्या वरच्या पात्यात पाठीवर एक खळगा होता, आणि खालच्या पात्यात पाठीवर एक उंचवटा. दोन्ही साधारण आठ-आठ इंच लांब. पुढचं सगळं महाभारत या दोन जागांवर झालं.

पाठ काढायचं काम मला आवडतं. वरचं पांढरट लाकूड जातं आणि खालचा गाभा असा काही पिवळाधमक निघतो की पहिल्यांदा बघणाऱ्याला रंग दिल्यासारखा वाटतो. उन्हात तो हळूहळू तपकिरी होतो. या गाभ्यात एक वर्षवलय पकडायचं आणि तेच टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवायचं. ते मध्येच कुठे कापलं गेलं, तर ओढताना तिथूनच चिरफळी उठते. ओळखायचं कानाने. वसंतात वाढलेला थर भुसभुशीत असतो, दोन्ही हातांनी ओढायची सुरी त्यातून कुरकुरत जाते. पक्क्या थराला लागली की कुरकुर थांबते. तिथं आपणही थांबायचं. गाठ आली तर तिच्या भोवतीने जायचं, थोडं लाकूड जास्त ठेवायचं. मधली रेघही पट्टी लावून मारायची नाही. धागा जिकडे जाईल तिकडे रेघ. नागमोडी तर नागमोडी.

मग बाजूला झुकलेल्या भागाचं काय? दोन्ही टोकांना दोरी ताणून पाहिली तर ती मुठीच्या पार बाहेरून जात होती. असं धनुष्य हातात पिळतं. तेवढा एकच वाक काढला: जरा तेल लावलं, हीट गनने हात लावता येणार नाही इतकं तापवलं, साच्यावर क्लॅम्प कसले आणि पूर्ण गार होऊ दिलं. तापवलेल्या लाकडातली ओल उडालेली असते, ती हवेतून परत येईपर्यंत त्याला वाकवायचं नाही. दोरी मुठीवरून जाऊ लागली. वरची नागमोड तशीच ठेवली, तिचा दोरीला त्रास नव्हता.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं तो टिलरिंगचा. म्हणजे दोन्ही पाती सारखी लवेपर्यंत पोटाकडून थोडं थोडं लाकूड काढत जाणं. आमच्याकडे भिंतीला एक खुंटा आहे. त्यावर धनुष्याची मूठ टेकवायची, पाठ वर. खाली जमिनीला कप्पी, कप्पीतून दोरखंड, मध्ये वजनकाटा. लांब उभं राहून दोरखंड ओढायचा आणि पाती कशी वाकतात ते बघायचं. ठरलेलं वजन होतं 28 इंचाच्या ओढीला 45 पौंड. आकार देत असताना कितीही कमी ओढ झालेली असो, 45 आणि वर घासण्यात जाणारे दोन पौंड, याच्या पुढे काटा जाऊ द्यायचा नाही, नाहीतर लाकूड आताच दमतं आणि कायमचा बाक धरतं.

तो म्हातारा शेतकरी सकाळीच येऊन स्टुलावर बसला होता. मालकाला गिऱ्हाईक बसलेलं खपत नाही, पण या माणसाला ऊठ म्हणायची त्याचीही छाती झाली नाही. आयुष्यभर शिकार केलेला माणूस. धनुष्यं सगळी कारखान्यातली, दोन्ही बाजू आरशात पाहिल्यासारख्या सारख्या. मी वीस इंचांपर्यंत ओढलं आणि तो लगेच म्हणाला, "वरचं पातं मध्ये ताठ आहे. तिथलं लाकूड काढा."

दिसत तसंच होतं. वरच्या पात्याचा मधला भाग सपाट, पट्टीसारखा. खालचं पातं मात्र सुरेख गोल. कुणालाही विचारा, हेच सांगेल. मालकही मागून येऊन बघून गेला आणि "हो, ताठच" म्हणाला.

फाउंड्रीत आमच्याकडे एक पट्टी असायची, कॉन्ट्रॅक्शन स्केल. ओतलेलं बीड गार होताना साधारण शंभरात एक आटतं, म्हणून त्या पट्टीवरचा प्रत्येक इंच तेवढाच मोठा कोरलेला. त्या पट्टीने केलेला पॅटर्न साध्या पट्टीने मोजला तर चुकीचाच दिसणार. मोजायचा तो आधी काय होतं आणि नंतर काय होणार या दोन्हींमधला फरक. वरच्या पात्यात मुळात खळगा होता. तो वाकून सपाट झाला असेल, तर तो ताठ कसा?

तोंडी वाद घालण्यात अर्थ नव्हता. प्लायवूडचा एक तक्ता खुंट्यामागे ठोकला. धनुष्य दोरी सैल ठेवून टेकवलं आणि पाठीची कड पेन्सिलीने पुरी गिरवली. मग मालकाला दोरखंड धरायला लावला. वीस इंच ओढ, मी पटापट दोन खुणा, सोड. पुन्हा ओढ, पुन्हा दोन खुणा. एका दमात सगळी रेघ मारता येत नाही, कारण ताणून धरून ठेवलं की लाकूड त्याच आकाराला बसायला लागतं. मालक वैतागला, पण धरत राहिला. शेवटी खुणा जोडल्या आणि तक्त्यावर दोन रेघा झाल्या, एक निवांत धनुष्याची, एक ओढलेल्याची.

मग आठ इंची पट्टी घेऊन एकेका जागेवर ठेवत गेलो. खळग्याच्या जागी निवांत असताना पाव इंच खोल, ओढल्यावर जवळजवळ सपाट. म्हणजे पाव इंच वाकलं. शेजारचा भाग निवांत असताना सपाट, ओढल्यावर पाव इंच फुगीर. म्हणजे तेवढंच वाकलं. ताठ म्हणून नावाजलेली जागा शेजाऱ्याइतकंच काम करत होती. तिथं लाकूड काढलं असतं तर दिसायला गोल झालं असतं खरं, पण पात्यातली ती सगळ्यात पातळ जागा ठरली असती. बिजागरीसारखं तिथंच दुमडत राहिलं असतं, पोटाकडून सुरकुत्यांसारख्या बारीक चिरा पडल्या असत्या आणि एक दिवस तुकडे.

खरा धक्का खालच्या पात्यात निघाला. उंचवट्याच्या जागी निवांत असतानाच पाव इंच फुगीर, ओढल्यावर त्याच्या जेमतेम पुढे. सगळ्यांनी वाखाणलेली ती सुरेख गोलाई जन्मजात होती. ती जागा आरामात बसली होती आणि तिचं काम शेजारचं लाकूड करत होतं.

मी स्क्रेपर घेतला आणि खालच्या पात्याच्या उंचवट्यावर, पोटाकडून खरवडायला लागलो. म्हातारा स्टुलावरून उठलाच.

"सगळ्यात जास्त वाकतंय तिथंच आणखी काढताय?"

"वाकलेलं आहे, वाकत नाहीये," मी म्हणालो. त्याला ते पटलं नाही. तक्त्यापाशी जाऊन त्याने स्वतः पट्टी लावली, चष्मा कपाळावर घेतला, परत लावला. मग बसला. पण हात मांडीवर वाजवत होता.

या कामात घाई चालत नाही. थोडं खरवडायचं, वीस-तीस वेळा हळू ओढून लाकडाला नवा घाट समजू द्यायचा, मग बघायचं. लाकूड काढल्यावर लगेच जे दिसतं ते खरं नसतं, खरं रूप काही ओढींनंतर येतं. स्क्रेपरने निघणारे पापुद्रे कागदाहून पातळ, पिवळे, जमिनीवर ढीग. दुपारनंतर दुसरी रेघ पुन्हा काढली. आता उंचवटाही पाव इंचाच्या आसपास हलत होता. आणि दिसायला? दिसायला खालचं पातं आणखीच गोल, वरचं तसंच मधे सपाट. फोटो काढला असता तर कुणीही धनुष्य बिघडलं म्हटलं असतं.

28 इंचांना मालकाने ओढलं तेव्हा आम्ही तिघंही भिंतीपासून लांब होतो. हेज मोडतं तेव्हा तुकडे खोलीभर उडतात. काहीच आवाज झाला नाही. काटा 47 वर. घासून-पुसून दोन पौंड उतरतात, म्हणून तेवढे वर ठेवलेलेच होते. दोरी काढल्यावर बाक राहिला तो इंचभराच्या आत, आणि मुख्य म्हणजे दोन्ही पात्यांत सारखा. एका जागी जास्त बसला असता तर माझं गणित खोटं ठरलं असतं.

आपल्याकडे कुऱ्हाडीच्या दांड्याला धामणीचं लाकूड घेतात ते लवतं आणि मोडत नाही म्हणून. हेज त्याच जातकुळीचं वाटतं मला, फक्त जास्त जड आणि हट्टी.

म्हाताऱ्याने पुढे अंगणात बाण सोडून पाहिले. चालतं उत्तम, हे त्याने मान्य केलं. पण ओढून धरलेलं असताना बाजूने फोटो काढू नका, असं त्याने मुलाला बजावलं. शेजाऱ्यांना किती वेळा समजावायचं! मालकाने तक्ता भिंतीवरच राहू दिला. वाकड्या फाकेच्या कामाचा दर मात्र त्याच आठवड्यात वाढवला.