रीलफूटचे खुंट, पातळ ओठांचा मासा आणि बाबांचा हिसका

"बाबा, हिसका नका देऊ," हे वाक्य त्या सकाळी मी किमान पंधरा वेळा म्हटलं असेल. बाबांचं बालपण पाटणला, कोयनेच्या काठी गेलं. बांबूची काठी, तंगूस, गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, आणि बूच बुडालं की असा हिसका मारायचा की मासा थेट मागच्या खडकावर. साठ वर्षांची सवय. आणि क्रॅपी हा मासा नेमका असा, की त्याच्या तोंडाची कड पापडासारखी पातळ. हिसका दिला की गळ ओठ फाडून रिकामा वर येतो. इथले लोक त्याला 'पेपरमाऊथ' म्हणतात ते उगाच नाही.

आम्ही अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या मेम्फिसला राहतो. बाबा सहा महिन्यांसाठी आलेले. दुसऱ्या महिन्यातच मॉल, मंदिर आणि मिसिसिपीवरचा पूल असं सगळं बघून झालं होतं आणि त्यांनी घरातल्या नळांचे वॉशर तपासायला सुरुवात केली होती. तेव्हा ऑफिसमधल्या एकाने सुचवलं, वडिलांना रीलफूट लेकला घेऊन जा, गाईड कर. एप्रिलचा पहिला आठवडा, मी, बाबा आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा. यूएस ५१ ने उत्तरेला कव्हिंग्टन, रिप्ली, डायर्सबर्ग, मग ७८ नंबरच्या रस्त्याने टिप्टनव्हिल. दोन तासांहून थोडं जास्त. सकाळी सहाला धक्क्यावर हजर राहायचं असेल तर आदल्या रात्री तिथेच मुक्काम करा. आम्ही पहाटे साडेतीनला निघालो आणि पोराने गाडीत बसल्या बसल्या जी मान टाकली ती बोटीतही तासभर उचलली नाही.

या तळ्याची गोष्ट बाबांना फार भावली. १८११-१२ च्या हिवाळ्यात मिसिसिपीच्या या खोऱ्यात भूकंपांची मालिका झाली. ७ फेब्रुवारी १८१२ च्या धक्क्याने तर नदी काही काळ उलटी वाहिल्याचं त्या वेळच्या लोकांनी लिहून ठेवलंय. जमीन खचली, उभं जंगल पाण्याखाली गेलं आणि तळं झालं. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा बाबा बारा-तेरा वर्षांचे होते. त्या पहाटे आजीने त्यांना गोधडीसकट उचलून अंगणात आणलं होतं. "आमच्याकडं आधी धरणाचं पाणी आलं, मग भूकंप. हितं उलटं," असं म्हणून ते बराच वेळ गप्प बसले.

बुडालेल्या त्या जंगलाचे खुंट अजून पाण्यात आहेत, आणि गाईड का घ्यायचा याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं. तळं पसरलंय सुमारे १५,००० एकरांवर, पण बहुतेक ठिकाणी पुरुषभरही पाणी नाही. वरून सपाट दिसतं आणि चार बोटं खाली खुंट. आमच्या बोटीलाही दोनदा तळातून 'खट्ट' झालं. गाईडने ढुंकूनही पाहिलं नाही, माझा मात्र जीव वर-खाली. भाड्याची बोट घेऊन स्वतः फिरायचा विचार असेल तर पहिल्या खेपेला तरी करू नका.

उरलेलं निम्मं उत्तर म्हणजे मासा कुठे आहे ते ठाऊक असणं. क्रॅपी थव्याने राहतो. वसंतात पाण्याचं तापमान साधारण ६० फॅरनहाइटच्या पुढे गेलं की अंडी घालायला उथळ पाण्यात, खुंटांच्या आणि सायप्रसच्या बुंध्यांच्या आडोशाला येतो. नर घरटं राखत बसतो. त्या दिवशी पाणी ६१ होतं, पण आदल्या दिवशी थंड वारा येऊन गेलेला, त्यामुळे मासे काठापासून जरा मागे, चार-पाच फूट खोल पाण्यात सरकले होते. हे आम्हाला सात जन्मांत कळलं नसतं.

आमचा गाईड सत्तरीकडे झुकलेला, मितभाषी. बोटीच्या नाकावर चौदा-चौदा फुटी रॉड पंख्यासारखे मांडलेले. याला 'स्पायडर रिगिंग' म्हणतात, आणि समोरून पाहिलं तर बोट खरोखर कोळ्यासारखी दिसते. प्रत्येक तंगुसाला छोटा जिग, म्हणजे वजन लावलेला गळ, त्यावर जिवंत मिनो, म्हणजे आमिषाची बारकी मासोळी. मोटर इतकी हळू की बोट हलतेय की नाही ते झाडाकडे बघूनच कळावं. क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूला लागलेले असतात, तो खालून वर बघून खातो. म्हणून आमिष माशाच्या थोडं वर ठेवायचं, खाली गेलं की फुकट. गाईडने आम्हाला शिकवलं ते एवढंच, पण तासाभरात चार वेळा बाबांच्या तंगुसाची खोली वितीएवढी कमी केली आणि चारही वेळा मासा लागला.

लागतो तोही कसा? आपल्या डोक्यात मासा गळाला लागला म्हणजे काठी खाली वाकणार. इथे बऱ्याचदा उलटं होतं. क्रॅपी आमिष तोंडात घेऊन वर येतो, वजन जातं आणि वाकलेलं टोक सरळ होतं, तंगूस सैल पडतो. ते दिसलं की रॉड फक्त उचलायचा, चहाचा भरलेला कप उचलतो तसा. मग जाळी खाली घालून मासा घ्यायचा, हवेत लोंबकळू द्यायचा नाही. बाबांनी पहिले पाच मासे हिसक्याने घालवले. सहाव्याला गाईडने काही न बोलता त्यांच्या मनगटावर हात ठेवला, बोटांनी हलकेच वर ढकललं, आणि बारा इंची मासा जाळीत. त्यानंतर माझी दुभाषेगिरी संपली. ते दोघं अकरा वाजेपर्यंत एकमेकांशी बोलत होते, एक मराठीत आणि एक टेनेसीच्या इंग्रजीत. दोघांपैकी कुणाचंच काही अडलं नाही.

पोराला काटे मोजायचा नाद लागला. क्रॅपी दोन जातींचा, व्हाइट आणि ब्लॅक, आणि रंगावर भरवसा ठेवायचा नाही. पाठीच्या परातले टणक काटे मोजायचे: सहा किंवा कमी असतील तर व्हाइट, सात-आठ असतील तर ब्लॅक. काटे टोचतात, म्हणून मासा खालच्या ओठाला चिमटीत धरा. नावाच्या उच्चाराचीही गंमत आहे, आमचा गाईड 'क्रॅपी' म्हणतो, ऑफिसातला मिशिगनचा सहकारी 'क्रॉपी'. दोघांनाही दुसरा अडाणी वाटतो.

आता जाणाऱ्यांसाठी. तेरा वर्षं आणि पुढच्या प्रत्येकाला टेनेसीचं फिशिंग लायसन्स लागतं, आणि ते गाईडच्या पैशांत धरलेलं नसतं. भारतातून आलेल्या पाहुण्यांनाही लागतं, ते परराज्यातल्या माणसाच्या दराने; थोड्या दिवसांचंही मिळतं, ऑनलाइन दहा मिनिटांचं काम. किती मासे नि केवढे ठेवायचे याचे नियम तळ्यागणिक वेगळे आणि बदलतेही, म्हणून त्या वर्षीचे बघून जा. आमचा गाईड त्या दिवशी दहा इंचांखालचे सगळे सोडून देत होता. बारा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना चालत्या बोटीत लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. मुलाच्या मापाचं आहे का ते फोनवरच विचारा. आमच्याकडे मोठ्या माणसाचं निघालं, पोरगं त्यात कासवासारखं बसलं होतं.

आम्ही अर्ध्या दिवसाचे साडेतीनशे डॉलर दिले, वर साठ टिप. महाग आहे, मान्य. पण बोट, रॉड, आमिष सगळं त्यांचं, आणि तिघांत वाटलं तर एका थीम पार्कपेक्षा स्वस्त. पहिल्यांदा मी दुसऱ्याच एकाकडे बुकिंग केलं होतं. वाऱ्यामुळे दौरा रद्द झाला आणि आगाऊ रकमेतला एक पैसा परत आला नाही. चूक माझीही, विचारलंच नव्हतं. हवामान बिघडलं तर पैसे परत की दुसरी तारीख, हे लिखित घ्या. वसंतातले शनिवार-रविवार महिनोन्महिने आधी भरतात. मधला वार घेतलात तर गर्दीही कमी.

सोबत ज्येष्ठ असतील तर सगळ्यात महत्त्वाचं: बोटीत शौचालय नसतं. बाबांना मधुमेह. मी लाजत लाजत विचारलं, तर गाईड म्हणाला, दर दीड तासाला धक्क्यावर नेतो, माझंही वय तेच आहे. पाठ असलेली खुर्ची आहे का, चढायला पायरी आहे का, हेही विचारून घ्या. एप्रिलच्या पहाटे पाण्यावर कानटोपी लागते, दहा वाजता टोपी आणि सनस्क्रीन. आमचं सनस्क्रीन गाडीतच राहिलं, मान दोन दिवस हुळहुळत होती. खायला घरचे मेथीचे ठेपले नेले होते. गाईडने तीन खाल्ले.

एकूण सत्तावीस मासे ठेवले. धक्क्याजवळच्या शेडमध्ये गाईडने विजेची सुरी काढली आणि मिनिटाला एक या वेगाने फिले, म्हणजे बिनकाट्याचे तुकडे, काढू लागला, डोकं, काटे, कातडं सरळ बादलीत. बाबांना ते बघवेना. "अरे, मग कालवण कशाचं करायचं?" मी भाषांतर केलं. आठ मासे नुसते खवले काढून, पोट साफ करून अख्खे हवेत असं सांगितल्यावर गाईडने दोनदा विचारलं, "डोक्यासकट?" आयुष्यात त्याला असं कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हालाही अख्खे हवे असतील तर त्याने सुरी लावण्याआधी सांगा. कूलर आणि बर्फ आपला न्यायचा, आणि कूलरचं झाकण दोरीने बांधा, नाहीतर माझ्या डिकीसारखा वास महिनाभर.

फिले आम्ही रवा लावून तळले. पांढरं, मऊ, चव सौम्य, भिगवणच्या चिलापीपेक्षा हलकी. आगळ आणि तिखट जरा चढं लावावं लागतं. पण खरी मजा बाबांनी स्वतः केलेल्या कालवणाची. भाजलेलं खोबरं, कांदा, लसूण, आईने बांधून दिलेला कांदा-लसूण मसाला, आणि त्यात अख्खा मासा. पोराने ताटात घेतलेल्या माशाचा रस्सा बोटाने बाजूला सारला, पाठीचे काटे मोजले आणि जाहीर केलं, "सात. ब्लॅक आहे."

"आधी खा," बाबा म्हणाले.