तुम्ही विचारलंत म्हणून: मग व्हिडिओच का नाही बघत?

मी घरी सिम्युलेटरवर, म्हणजे उड्डाणाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर, हेलिकॉप्टर उडवते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. डोंगर आणि धबधबेच बघायचेत ना, मग ड्रोनचा एखादा सुंदर व्हिडिओ लावून निवांत का नाही बसत?

व्हिडिओत नजर कुठेही ठेवली तरी चित्राला काही फरक पडत नाही. इथे नजर चुकली की हेलिकॉप्टर भरकटतं.

माझं हेलिकॉप्टर काब्री जी२. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ते मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये आलं, तेव्हापासून तेच. डाव्या हातात कलेक्टिव्ह (वर-खाली नेणारा दांडा), उजव्या हातात सायक्लिक (पुढे-मागे आणि बाजूला नेणारी काठी), पायाशी नाक वळवणारी पेडल. कलेक्टिव्ह वर ओढली की नाक डावीकडे वळायला लागतं, कारण काब्रीचा वरचा मोठा पंखा वरून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि धड त्याच्या उलट वळू पाहतं. म्हणून उजवं पेडल दाबायचं, की लगेच सायक्लिकही किंचित सावरावी लागते. एकाला हात लावला की बाकीचे दोघे जागे होतात. सुरुवातीला मी जवळच्या गवताकडे बघत जागेवर तरंगायला जायचे आणि दर वेळी झोके वाढत जायचे. जमलं ते नजर दूर, पार क्षितिजाजवळ नेल्यावर. हात आपोआप शांत झाले.

मार्ग स्वित्झर्लंडमधला. थुन आणि ब्रिएन्झ या दोन तळ्यांच्या मधे इंटरलाकेन आहे. तिथून उठायचं आणि ल्युचिने नदी धरून दक्षिणेला निघायचं. वाटेत नदीला दोन फाटे फुटतात. डाव्या फाट्याने गेलं तर ग्रिंडेलवाल्ड. मी उजव्याने, लाउटरब्रुनेनच्या दरीत शिरते. हिमनदीने कोरलेली ही दरी, तळ सपाट आणि दोन्ही बाजूंना उभे कडे.

उजव्या कड्यावरून श्टाउबबाख धबधबा कोसळतो, सुमारे ३०० मीटर. नावाचा अर्थच धुळीचा ओढा, कारण खाली पोचेपर्यंत पाण्याचा तुषार झालेला असतो. त्याच्यासमोर थांबणं हा माझा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात अवघड भाग. माझ्या सिम्युलेटरमधल्या देखाव्यात पाणी खरंच पडताना दिसतं, आणि नजर त्या पाण्याबरोबर खाली गेली की वाटतं आपण वर चाललोय. हात नकळत कलेक्टिव्ह खाली ढकलतो आणि हेलिकॉप्टर खरोखरच खचतं. त्यामुळे डोळे ठेवायचे हलणार नाही अशा गोष्टीवर, शेजारच्या कातळावर किंवा कड्याच्या काठावरच्या झाडांवर. धबधबा दिसतो तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून. तो कातळ मला आता भेगांसकट पाठ झालाय. असं कुठल्या व्हिडिओने पाठ करून घेतलं असतं?

पुढे वेंगेन गावावरून चढत क्लाइने शाइडेगची खिंड, मग त्याहून उंच युंगफ्राउयोखची खिंड, ३,४६३ मीटर. इथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ७० टक्के. खालच्यासारखंच इथेही थांबू म्हणून मी एकदा वेग कमी करत गेले. २० नॉटच्या (ताशी सुमारे ३७ किमी) खाली आल्यावर पुढे जाण्याच्या वेगामुळे मिळणारी जादा उचल संपली, इंजिनकडे आणखी ताकद उरली नव्हती, आणि मी बर्फात गेले. आता तिथे थांबत नाही, ६० नॉटवर खिंड ओलांडते.

पलीकडे ‘आलेच’ नावाच्या हिमनदीचं बर्फ. आल्प्समधली ही सगळ्यात लांब हिमनदी, पण वरच्या टोकाला सगळं इतकं पांढरं की जमीन किती खाली आहे ते कळत नाही. नजर टेकवायला काहीच नसतं. तेवढा वेळ मी उंचीच्या काट्यावर विसंबते. मग कॉंकॉर्डियाप्लात्झला हिमप्रवाह एकत्र येतात, तिथून दगडमातीचे काळे पट्टे बर्फावर लांबच लांब वळत जाताना दिसतात. ते दिसले की मी काट्यावरून नजर उचलते.