डाग काढायचा की लावायचा

उन्हाळा लागला की आमच्या गावातल्या स्लॅबांवर एका बाजूला कुरड्या-सरगुंडे वाळतात आणि दुसऱ्या बाजूला उशांचे अभ्रे. अभ्र्यांवर रंगवलेले गुलाब. गुलाब नसेल तर मोर, आणि मोर नसेल तर दोन हंस, माना एकमेकांत अडकवलेले. नक्षीचा कागद एकाच घरी असतो आणि तोच गावभर फिरतो, त्यामुळे पाहुणा कोणाच्याही घरी झोपला तरी डोकं त्याच हंसांवर टेकतं. हंसांवर माझा राग नाही. कंटाळा मात्र आहे.

बाटलीतला फॅब्रिक कलर म्हणजे बहुतेक ॲक्रिलिक. तो धाग्यात मुरत नाही, वर चिकटून बसतो. म्हणून वाळल्यावर उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवायची. आणि कोरं मांजरपाट असेल तर आधी धुऊन खळ काढायची, नाहीतर रंग खळीवर बसतो आणि पहिल्याच धुण्यात तिच्याबरोबर चालता होतो. ओल्या रंगावर जाडं मीठ भुरभुरलं तर खडे पाणी ओढून घेतात आणि चांदण्या पडल्यासारखी नक्षी उमटते, ही एक गंमत त्यातही आहे. पण माझा जीव रमतो तो डागांत. जन्मभर आपण ज्यांच्याशी भांडतो ते सगळे डाग मुळात रंगच की. फक्त न विचारता आलेले.

हळदीचंच बघा. लग्नाच्या हळदीत पांढऱ्या धोतराला लागलेला डाग साबण लावताच लालभडक होतो आणि धुणारी दचकते. हळदीला क्षार भेटला की ती लाल होते. कुंकूही जुन्या पद्धतीने असंच करत. तर हळदीच्या पाण्यात बुडवून सुकवलेल्या कापडावर चुन्याच्या निवळीने काडीने रेघ ओढायची. निवळी रंगहीन, काडी साधी, आणि पिवळ्यावर लाल वेल चालायला लागते. आमचं गाव दर्यापूरकडचं, वऱ्हाडातल्या खारपाणपट्ट्यातलं. इथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि हळद कुंचला लावायच्या आधीच विटकरीकडे झुकायला लागते. या कामासाठी मी पावसाचं पाणी साठवते. हळदीत एक खोट आहे: ती उन्हाला टिकत नाही. पडद्याला लावू नये, देवघरातल्या आसनाला लावावी.

शेजारच्या आजी हे सगळं ओट्यावर बसून बघत असतात. "कावून वं, चांगलं कापड कायले नासून रायली?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

टिकाऊ रंग हवा असेल तर हिरड्याकडे जावं लागतं. कापसाचा धागा रंगाच्या बाबतीत मोठा हट्टी. भंडाऱ्याकडची करवती साडी ज्या कोशाची विणतात, ते कोसा रेशीम रंग चटकन धरतं. कापूस धरत नाही. सगळा मुलूख कापूस पिकवतो, जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल काढली ती याच कापसाच्या भरवशावर, आणि त्याच कापसाला रंग लावायचा तर आधी हिरड्याच्या काढ्याची मनधरणी. त्यातल्या तुरटपणाने धागा रंग धरायला तयार होतो, मग तुरटीचं पाणी, मग रंग. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगांतली खादी मिळते. ती हातात घेतली की या खटाटोपाची किंमत कळते.

पण हिरड्याची खरी जादू लोखंडाशी. गंजलेले खिळे गुळाच्या पाण्यात घालून मडकं कोपऱ्यात ठेवायचं. काही दिवसांनी त्याला असा वास सुटतो की घरातली माणसं मडक्याऐवजी आपल्यालाच बाहेर ठेवायला निघतात. ते पाणी गाळलं की गढूळ दिसतं, काही दम वाटत नाही. हिरड्यात भिजवून वाळवलेल्या कापडावर त्यात बुडवलेली काडी टेकवली, की काडीच्या टोकाखाली बघता बघता काळं. आंध्रातले कलमकारीवाले त्यांच्या काळ्या रेघा अशाच काढतात.

आणि बिब्बा. आजोळी बिब्बे फोडून आतली गोडंबी काढणाऱ्या बाया लहानपणी पाहिल्यात. हाताला राख फासून बसायच्या, तरी बोटं काळी पडलेली, मनगटावर उतल्याचे फोड. डिंकाच्या लाडवातली गोडंबी खाताना ते हात माझ्या डोळ्यांसमोर येतातच. त्याच बिब्ब्याच्या तेलाने परीट कपड्यांवर खूण करायचे. सुईच्या टोकाने ठिपका द्यायचा, वर चुना, की ती खूण कापड फाटेपर्यंत हलत नाही. रंग म्हणून याच्याइतका प्रामाणिक दुसरा नाही, पण मी तो वापरत नाही. कातडीवर उतणारी वस्तू हौसेसाठी हाताळावी, हे मला पटत नाही.

ठप्प्यांसाठी मात्र बाजारात जायची गरज नाही. पोळ्याला बैलाच्या पाठीवर गेरूत बुडवलेल्या वाटीचे गोल उठवणारी पोरं हेच तर करतात. कापडाला आडव्या चिरलेल्या भेंडीचा ठसा घ्यावा. पाच पाकळ्यांचं फूल फुकटात. भेंडी कोवळी नको, तिच्या चिकटपणाने रंग पसरतो. चिरून तासभर सुकवलेली उत्तम.

परवा त्याच आजी नातसुनेचं फिकट पिवळं पोलकं घेऊन आल्या. पाठीवर काथाचा तांबूस डाग, चांगला रुपयाएवढा. "याच्याभवती कायतरी काढून दे." डाग वाकडा होता, एका बाजूला निमुळता. त्याला आणखी तीन-चार वाकड्या पाकळ्या जोडल्या, खाली काळा देठ दिला, आणि पळसाचं फूल झालं. मी गमतीने पैसे मागितले.

"पैसे कायचे वं? अर्धं फूल तं म्याच काढून आनलं होतं."