पहिली चिठ्ठी मी का सोडायला लावली

सोलापुरात गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, उठली की आमच्या भागात टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा लागते. आठ संघ, आठ षटकांची मॅच. लिलावाला लागणारा पैसा कुणाकडे नाही, म्हणून खेळाडू चिठ्ठ्या टाकून घेतले जातात. ज्याची चिठ्ठी आधी निघेल तो आधी निवडणार, आणि प्रत्येक फेरीत तोच क्रम. यंदा मारुतीच्या कट्ट्यावर स्टीलच्या डब्यातून पहिली चिठ्ठी निघाली ती आमची. पोरांनी फटाक्यांची माळ लावली. कारण पहिला नंबर म्हणजे तो डावखुरा. रात्रपाळीला यंत्रमागावर असतो, रविवारी बॅटिंग करतो, आणि त्याचे सिक्सर पाण्याच्या टाकीपलीकडे जाऊन पडतात. त्याला कोण घेणार यावरच गल्लीत महिनाभर बोलणं चाललेलं होतं.

चौथ्या नंबरवाल्यांचा कॅप्टन माझ्याकडे आला. संघाची वही माझ्याकडे असते; अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं हिशेब लिहितोय, तर गल्लीचाही मीच लिहितो. तो म्हणाला, "काका, तुमचा पहिला नंबर आम्हाला द्या. आमचा चौथा घ्या, वर दुसऱ्या फेरीतली आमची पाळी पण तुमची. तुमची शेवटच्या फेरीतली पाळी तेवढी आम्हाला द्या." मी पोरांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, द्या. पोरं माझ्याकडे अशी बघायला लागली की मी देवळातली घंटाच विकायला काढली आहे.

मी हे कुठून शिकलो ते सांगतो. माझा भाचा डॅलसला असतो. त्याच्याकडे तीन महिने राहून आलो तेव्हा त्याने मला अमेरिकन फुटबॉलची गोडी लावली. पायाने खेळायचा आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, हेल्मेट घातलेले धिप्पाड गडी. त्यांच्या एनएफएलमध्ये 32 संघ आहेत. कॉलेजातून येणाऱ्या पोरांची दर वर्षी एप्रिलच्या शेवटी सात फेऱ्यांत निवड होते, त्याला ड्राफ्ट म्हणतात. मागच्या हंगामात जो सगळ्यात वाईट खेळला त्याची पाळी पहिली, विजेत्याची शेवटची. पहिली फेरी न्यूयॉर्कच्या वेळेनुसार गुरुवारी रात्री आठला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाच. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपतो. त्या पहाटे मोबाइल उशाशी असतो, खालून मागांचा खडखडाट येत असतो आणि ऊन चढायच्या आत पहिले दहा-बारा नंबर लागून गेलेले असतात.

खरी मजा नंबरांच्या अदलाबदलीत आहे. कुठल्याही संघाने आपली पाळी दुसऱ्याला देऊन बदल्यात त्याच्या दोन-तीन पाळ्या घेतल्या तर चालतं, अगदी पुढच्या वर्षीच्यासुद्धा. भाच्याचा संघ डॅलस काउबॉइज. त्यांनी 12 ऑक्टोबर 1989 ला आपला सगळ्यात मोठा खेळाडू हर्शेल वॉकर मिनेसोटाच्या संघाला दिला आणि बदल्यात पाच खेळाडू आणि पुढच्या तीन ड्राफ्टमधल्या ढीगभर पाळ्या घेतल्या. त्या हंगामात डॅलसने 16 पैकी एकच सामना जिंकला. लोकांनी प्रशिक्षक जिमी जॉन्सनला वेड्यात काढलं. पण त्यातलीच एक पाळी वापरून 1990 मध्ये एमिट स्मिथ आला, आणि 1992, 1993 आणि 1995 या तीन हंगामांचे सुपर बोल, म्हणजे त्यांची फायनल, डॅलसने जिंकले.

मग याच संघातल्या माइक मकॉय नावाच्या भागीदार-मालकाने मागचे सौदे तपासून कुठल्या पाळीचं मोल किती, याचा एक तक्ता केला. पहिल्या पाळीला 3000 गुण, दहावीला 1300, सोळाव्या पाळीला 1000, सव्विसावीला 700, पहिल्या फेरीतल्या शेवटच्या म्हणजे बत्तिसाव्या पाळीला 590. मी हा तक्ता पहिल्यांदा बघितला तेव्हा सवयीने बेरीज केली. दहावी, सोळावी आणि सव्विसावी मिळून बरोबर 3000. म्हणजे एका पोराच्या बदल्यात पहिल्या फेरीतली तीन पोरं, आणि सौदा बरोबरीचा! भाच्याला म्हटलं, "अरे, हा तक्ता लोकांनी काय दिलं ते सांगतो. माल किती कामाचा होता ते सांगत नाही." तो म्हणाला, "मामा, यावर दोघांनी मोठा अभ्यास केलाय."

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर हे ते दोघे. थेलरना पुढे 2017 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचा लेख 2005 पासून लोकांच्या हातात होता, 2013 मध्ये रीतसर छापून आला. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. एकाच जागेवर खेळणारे दोघे घ्या, एक आधी निवडलेला आणि दुसरा त्याच्या लगेच नंतर. आधीचा जास्त चांगला निघाला असं किती वेळा झालं? शंभरात 52 वेळा. नाणं उडवलं तरी 50 वेळा बरोबर येतं! वरचे दोन टक्के मिळवण्यासाठी संघ पुढच्या फेऱ्यांतल्या अख्ख्या पाळ्या मोजून देत होते.

एनएफएलमध्ये पगारावर एकूण किती खर्च करायचा याला मर्यादा असते. एकाला जास्त दिलं की बाकीच्यांच्या ताटातलं कमी होतं. त्यामुळे खेळाडूचं काम वजा त्याचा पगार, उरलं ते संघाचं. या दोघांनी मोजलं तर ही उरणारी रक्कम पहिल्या नंबरला सगळ्यात जास्त नव्हती. ती वाढत वाढत दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला सगळ्यात जास्त होत होती. दुबळ्याला हात द्यावा म्हणून दिलेला पहिला नंबर दुबळ्याच्याच गळ्यात धोंडा होत होता. लेखाच्या नावातच त्यांनी याला हरणाऱ्याचा शाप म्हटलं आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्यांनी जे आकडे घेतले ते जुन्या पगारांचे. 2010 चा पहिला नंबर सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांना 7 कोटी 80 लाख डॉलरचा होता. 2011 मध्ये नव्या पोरांच्या पगाराला चाप बसला आणि त्या वर्षीच्या पहिल्या नंबरला, कॅम न्यूटनला, चार वर्षांचे 2 कोटी 20 लाख मिळाले. म्हणजे आता वरचा नंबर पूर्वीइतका महाग पडत नाही. धरून ठेवणाऱ्याला मी आज सरसकट चुकीचा म्हणणार नाही. पण दोन-तीन पाळ्या मोजून वर चढणाऱ्याला अजूनही म्हणेन.

2012 मध्ये वॉशिंग्टनने दुसऱ्या नंबरसाठी रॅम्स या संघाला आपली सहावी पाळी दिली, दुसऱ्या फेरीतली दिली, वर 2013 आणि 2014 च्या पहिल्या फेरीतल्या पाळ्या दिल्या. आला रॉबर्ट ग्रिफिन. पहिलं वर्ष डोळे दिपवणारं, आणि त्याच हंगामाच्या शेवटी, जानेवारी 2013 मध्ये, गुडघा गेला. डिसेंबर 2014 मध्ये रॅम्स वॉशिंग्टनच्या मैदानावर आले तेव्हा नाणेफेकीला सहा कॅप्टन पाठवले, सगळे त्या सौद्यातून मिळालेले. सामना 24-0 असा रॅम्सने जिंकला. हे दृश्य मी मोबाइलवर किती वेळा बघितलं असेन त्याचा हिशेब नाही. तरी हेही खरं की त्या सहा जणांच्या जोरावर रॅम्सचा कुठलाच हंगाम मोठा झाला नाही. संधी जास्त मिळाल्या तरी निवड नीट करावीच लागते.

आणि वर चढून सोनं मिळालेलंही आहे. 2017 मध्ये कॅन्सस सिटी सत्ताविसाव्या नंबरवरून दहाव्यावर आलं, त्यासाठी तिसऱ्या फेरीतली एक पाळी आणि 2018 ची पहिली फेरी दिली, आणि पॅट्रिक माहोम्स घेतला. त्याने तीन सुपर बोल जिंकून दिले. भाचा प्रत्येक वादात हे नाव काढतो. मी त्याला ट्रे लान्स सांगतो. 2021 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने तीन वर्षांच्या पहिल्या फेऱ्या आणि वर एक तिसरी फेरी देऊन तिसरा नंबर घेतला, लान्सला निवडलं, आणि 2023 मध्ये चौथ्या फेरीतल्या एका पाळीवर डॅलसला देऊन टाकलं. त्यांना फेब्रुवारी 2024 च्या सुपर बोलपर्यंत नेलं ते ब्रॉक पर्डीने. तो 2022 च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, 262वा.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते पुढच्या वर्षीचं देणं. मॅसी-थेलर यांनी तोही भाव काढला. यंदाच्या पाळीसाठी पुढच्या वर्षीची जी पाळी संघ देतात त्यात व्याज पडतं वर्षाला 136 टक्के. सोलापुरात हे कुणाला समजावून सांगायला नको. मागावर, विडी कारखान्यात उचल घेतलेली माणसं प्रत्येक घरात होऊन गेलीत. आज हातात आलं, उद्याची मजुरी आधीच गेली. फरक एवढाच की आपल्याकडे ज्याने उचल घेतली तोच फेडतो. तिकडे घेणारा निघून जातो. न्यू ऑर्लिन्सच्या माइक डिटकाने 1999 मध्ये रिकी विल्यम्स या एका पोरासाठी त्या वर्षीच्या सगळ्या पाळ्या दिल्या, शिवाय 2000 ची पहिली आणि तिसरी फेरी. हंगाम 3-13 गेला, म्हणजे तीन जिंकले, तेरा हरले; डिटकाची नोकरी गेली, आणि संघ वाईट खेळल्यामुळे ती 2000 ची पाळी दुसऱ्या नंबरची ठरली. ती वॉशिंग्टनकडे. 2023 मध्ये कॅरोलायनाने पहिल्या नंबरसाठी शिकागोला इतर गोष्टींबरोबर पुढच्या वर्षीची पहिली फेरी दिली. ते 2-15 गेले. हंगाम संपायच्या आत प्रशिक्षक गेला, आणि 2024 चा पहिला नंबरच शिकागोच्या हातात पडला.

तर आमची चिठ्ठी. पोरांनी माझं ऐकलं. चौथ्या नंबरला आम्ही एक मध्यमगती घेतला, दुसऱ्या फेरीत दोन पाळ्यांवर एक कीपर आणि एक ऑलराउंडर. साखळीत तिन्ही सामने जिंकले. सेमीफायनलला समोर तोच संघ आला आणि त्या डावखुऱ्याने 24 चेंडूंत 61 मारले. आम्ही 9 धावांनी हरलो. शेवटच्या षटकात आमचा ऑलराउंडर धावबाद झाला तेव्हा मी स्कोअरच्या टेबलावर होतो. पेन तसंच हातात राहिलं. परत येताना कुणी माझ्याशी बोललं नाही. कीपर पोरगा तेवढा गाडी ढकलत माझ्याबरोबर घरापर्यंत आला आणि म्हणाला, "काका, त्याला घ्यायलाच पाहिजे होतं."

मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पण सौदा चुकला असं मी म्हणणार नाही. चिठ्ठी निघाली त्या संध्याकाळी तो त्या दिवशी 61 मारणार हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याच स्पर्धेत दोन सामन्यांत तो दहाच्या आत गेला होता, तेही वहीत आहे. एका दिवसाच्या निकालावर सौदा तोलायला लागलो तर पुढच्या वेळी प्रत्येक जण डोळे मिटून पहिल्या नंबरच्या मागे पळेल.

आता पोरांच्या डोक्यात वेगळंच आलंय. तो डावखुरा पुढच्या वर्षी आपल्याकडे पक्का करायचा, आणि त्यासाठी त्या संघाला आपल्या पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या पाळ्या लिहून द्यायच्या. त्यांचा कॅप्टन तयार आहे. आमचा कॅप्टन जूनमध्ये नोकरीला पुण्याला चाललाय. पाळ्या जातील तेव्हा जी पोरं निवडीला उभी राहतील ती आज शाळेच्या मैदानावर खेळतात, त्यातला एक माझ्या शेजाऱ्यांचा. त्याला कुणी विचारलेलं नाही.

रविवारी संध्याकाळी सातला कट्ट्यावर बैठक आहे. वही घेऊन जाणार आहे.