अर्क काढला सोमवारी, मशिनवर गेला पुढच्या बुधवारी

ग्रीन टीच्या पानांतले कॅटेचिन (चहाला तुरटपणा देणारी संयुगं) मोजण्याचं काम मी प्रबंधासाठी घेतलं होतं. ते संपून बरेच महिने झाले, तरी एचपीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशिनच्या, नंबरासाठी थांबलेले ते नऊ दिवस आठवले की अजून संताप होतो. कुणाचे नमुने माझ्यासारखे वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

सुरुवातीचा भाग सरळ आहे. आयएसओ १४५०२ या मानकाच्या पहिल्या भागात एकूण पॉलिफेनॉल (कॅटेचिन ज्यात येतात तो मोठा गट) मोजायची रीत आहे, दुसऱ्यात एकेक कॅटेचिन वेगळं मोजायची. अर्क दोन्हींना एकच लागतो. ०.२ ग्रॅम बारीक पूड घ्यायची, ७० टक्के मिथेनॉल घालून ७० अंशांच्या वॉटर बाथमध्ये दहा मिनिटं ठेवायची आणि सेंट्रिफ्यूज करायची. उरलेल्या गाळाला पुन्हा एकदा तेच करायचं आणि सगळं मिळून १० मिली करायचं. मिथेनॉल आधीच गरम करून ठेवा.

त्याच दिवशी मी फोलिन-सिओकाल्टू, म्हणजे एकूण पॉलिफेनॉलची चाचणी करून टाकली. सोडियम कार्बोनेट घातल्यावर नळीत हळूहळू निळा रंग चढतो, तासाभराने ७६५ नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. तुलनेसाठी लागणारी गॅलिक ॲसिडची प्रमाण रेषा पहिल्याच खेपेला सरळ आली, पॉलिफेनॉलही भरपूर निघाले. त्या रात्री मी निवांत झोपले.

एचपीएलसी मात्र आमच्या विभागात नव्हतं, सगळ्यांसाठी मिळून एकच मशिन होतं. तिथला फॉर्म दोन पानी. विभाग, मार्गदर्शकांची सही, सॉल्व्हंट कोणता, विषारी आहे का, वायली (नमुन्याच्या छोट्या बाटल्या) किती, सगळं विचारलेलं. अर्क कधी काढला आणि किती तापमानाला ठेवायचा, याला रकाना नव्हता. मी सोमवारी वायली दिल्या. ‘नंबर लागला की फोन करू,’ असं उत्तर मिळालं.

गुरुवारी न राहवून गेले, तर माझा रॅक मशिनशेजारच्या टेबलावर तसाच उघडा. मी म्हटलं, ‘निदान फ्रिजमध्ये तरी ठेवता का?’ मशिन चालवणारे म्हणाले, ‘मॅडम, फ्रिज भरलाय. आणि तुमचा चहाच तर आहे.’ हे वाक्य मी विसरणार नाही. तेव्हा मी वायली उचलून परत आणायला हव्या होत्या. नंबर जाईल या भीतीने गप्प बसले.

नंबर लागला पुढच्या बुधवारी. क्रोमॅटोग्रॅम, म्हणजे मशिनने काढलेला आलेख, हातात आला तर ईजीसीजी, म्हणजे ग्रीन टीत सगळ्यांत जास्त असणारं कॅटेचिन, अपेक्षेच्या निम्म्यावर. तिन्ही वायलींचे आकडे एकमेकांशी छान जुळत होते, त्यामुळे मशिनवर शंका घेता येईना. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, ‘पानातच कमी असेल.’ मी विचारलं, ‘सर, मग फोलिनमध्ये इतकं कसं आलं?’ त्यावर ते म्हणाले, ‘ती चाचणी काय, कशालाही निळी होते.’ त्यात तथ्य होतं. त्या चाचणीतला अभिकर्मक १९२७ मध्ये प्रथिनांतले टायरोसीन आणि ट्रिप्टोफॅन मोजण्यासाठी आला, आणि समोरचा पदार्थ क्षपणकारक (इलेक्ट्रॉन देणारा) असला की तो रंग देतोच. तरी माझं मन मानेना. चांगल्या पानावर ‘निकृष्ट’ असा शेरा माझ्या सहीने जाणार होता.

उत्तर वायलीतच दिसत होतं. देताना अर्क फिकट पोपटी होता, परत आला तेव्हा तांबूस. क्रोमॅटोग्रॅम पुन्हा नीट पाहिला, तर सुरुवातीलाच येणारा गॅलिक ॲसिडचा पीक (आलेखातला उंचवटा) फुगलेला. ईजीसीजीच्या रेणूला गॅलिक ॲसिड जोडलेलं असतं. तो बंध तुटला की ते सुटं होतं, आणि उरलेला भाग हवेने तपकिरी पडत जातो. मी अर्क साध्या पाण्याने पातळ केला होता, आणि मानकात त्यासाठी वेगळं द्रावण सांगितलंय: १० टक्के ॲसिटोनायट्राइल, त्यात ईडीटीए आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड. ईडीटीए धातूंचे आयन पकडून ठेवतं, ॲस्कॉर्बिक ॲसिड स्वतः आधी ऑक्सिडाइज होतं आणि द्रावण आम्लधर्मीही ठेवतं. ‘आजच तर मोजायचंय’ असं वाटून मी ती पायरी गाळली होती. ती चूक माझीच. पण नऊ दिवस टेबलावर ठेवण्याची चूक माझी नव्हती.

दुसऱ्या खेपेला मी आधी मशिनची वेळ घेतली, मग त्याच सकाळी अर्क काढला. एक भाग मानकातल्या द्रावणात, एक साध्या पाण्यात. पहिलं इंजेक्शन माझ्यासमोर झालं आणि दोन्हींत ईजीसीजी सारखंच आलं, भरघोस. चार दिवसांनी त्याच वायली पुन्हा लावल्या. साध्या पाण्यातली घसरली होती, दुसरी जवळजवळ तशीच होती. दोन्ही आलेख सरांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ‘निकृष्ट’ शब्द खोडला.

हो, एक राहिलंच. ॲस्कॉर्बिक ॲसिड घातलेला अर्क उरला म्हणून फोलिनला वापरू नका. तेही निळा रंग देतं आणि आकडा खोटाच वर जातो. फोलिनसाठीचा भाग द्रावण घालण्याआधीच वेगळा काढा. आणि पुडीत ओलावा किती आहे, ते तिचा थोडा भाग १०३ अंशांना वाळवून आधीच मोजून ठेवा, नाहीतर शेवटी कोरड्या वजनावर हिशोब करताना अडाल. पूड तेव्हा संपलेली असते.

फॉर्म अजून तोच आहे. मी ‘इतर सूचना’च्या ओळीत अर्क काढल्याची तारीख आणि वेळ लाल शाईने लिहिते, आणि खाली ‘४ अंशांना ठेवा, २४ तासांत लावा’.