बाणाईची संहिता कुठाय?

एम.ए. मराठीला मी चाळिशी उलटल्यावर, नोकरी सांभाळून बाहेरून बसले. दुसऱ्या वर्षाला शंभर गुणांचा लघुप्रबंध असतो. विषय माझ्या डोक्यात आधीपासून पक्का होता: जागरणातलं बाणाईचं, खंडोबाच्या दुसऱ्या बायकोचं, आख्यान. खंडोबा आमचं कुलदैवत. घरातल्या प्रत्येक लग्नानंतर जागरण झालेलं, आणि प्रत्येक वेळी मध्यरात्रीनंतर बाणाई यायच्या सुमाराला मी झोपलेली असायची. म्हटलं, निदान अभ्यासाच्या निमित्ताने तरी एकदा शेवटपर्यंत ऐकू.

आराखडा पंधरा दिवसांत परत आला. वर लाल पेनाने लिहिलं होतं : ‘विषय चांगला. अभ्यासासाठी निश्चित संहिता नाही. छापील आवृत्ती निवडावी किंवा विषय बदलावा.’

मी आधी सरळ मार्ग धरला. ग्रंथालयातून मल्हारी माहात्म्याची एक मराठी पोथी काढली. मणी-मल्ल दैत्य, सप्तऋषींचं गाऱ्हाणं, शंकराचा मार्तंडभैरव अवतार, सगळं होतं. पण सारीपाटात हरून बारा वर्षं वनवासाला निघालेला देव, म्हातारा चाकर होऊन चंदनपुरात बाणूच्या, म्हणजे बाणाईच्या, वाड्यावर मेंढरं राखणारा देव, जागरण घालणाऱ्या आमच्या वाघ्याच्या तोंडून येतो तो, तिथे नव्हता. जेजुरीचा गड चढताना अर्ध्या वाटेवर बाणाईचं देऊळ लागतं, वर म्हाळसा आणि मध्ये बाणाई. सवती-सवतींचं भांडण असं दगडात बांधून ठेवलंय, लोक रोज तिथे भंडारा उधळतात, आणि मला सांगतायत की संहिता नाही.

मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, “चिडू नकोस. नाही ना संहिता? मग कर तयार. पण तयार करताना काय होतं तेही लिही.” मला वाटलं, होणार काय त्यात? रेकॉर्ड करायचं, ऐकायचं, उतरवायचं.

चुलतभावाच्या मुलाचं लग्न झालं आणि जागरण ठरलं. अंगणात पाच ऊस उभे करून शेंडे बांधले, खाली चौक भरला, कलश मांडला, दिवटी पेटली. दोन वाघे, एक मुरळी, एक तुणतुण्यावर. मी मोबाइल कलशाच्या मागे ठेवणार, तेवढ्यात थोरले वाघ्या म्हणाले, “तिथं नगं ताई, दिमडीपशी ठेवा, म्हंजी बोल सापडंल.” त्यांचं ऐकलं ती पहिली चूक. दुसऱ्या दिवशी इअरफोन लावून बसले तर दिमडीचा बोल स्वच्छ, मुरळीच्या हातातली घंटी, म्हणजे घोळही, ऐकू येतोय, आणि बाणाई कुठेतरी विहिरीच्या तळातून बोलतेय.

एका तासाचं आख्यान उतरवायला मला नऊ रात्री लागल्या. लिहिताना पावलोपावली अडायला व्हायचं. मागे सूर धरणारा झीलकरी प्रत्येक ओळीमागे ‘जी जी जी’ म्हणतो, ते दर वेळी लिहायचं की एकदाच? वाघ्या गाता गाता थांबतो, बोली भाषेत गोष्ट पुढे नेतो, मग पुन्हा सूर धरतो. ही गद्य ओळ कुठे संपली आणि पद्य कुठे सुरू झालं? धनगरी ओवीत या बोललेल्या भागाला ‘सपादणी’ म्हणतात, गायलेल्या तुकड्याचा अर्थ त्यात उलगडतो. गुंथर सोनथायमर हा जर्मन माणूस आपल्याकडच्या धनगरवाड्यांतून अशा ओव्या टेपवर घेत फिरला, त्याच्यामुळे मला हा शब्द कळला. जागरणाच्या या पद्धतीला वेगळं नाव आहे का म्हणून वाघ्यांना विचारलं. ते म्हणाले, “नाव काय? सांगतो आन् गातो.”

आणि मध्येच एक जागा अशी आली, जिथे माझा पेन थांबलाच. देवाने मेंढरं मारली आणि भंडारा टाकून पुन्हा उठवली, हा भाग. वाघ्या लग्नाकडे वळले, तर बायकांच्या घोळक्यातून एक खणखणीत आवाज : “आरं, मेंढरं उठवली का आधी? तशीच पडल्यात की!” हशा झाला. वाघ्या हसले, “ऱ्हायलं बगा,” म्हणाले आणि मागे जाऊन मेंढरं उठवून आले. हे लिहायचं की नाही? त्या आजीचं वाक्य आख्यानात धरायचं की तळटीपेत? छापखान्यात मुद्रितशोधक असतो, तशी ती आजी होती. फक्त ती वाचणारी नाही, ऐकणारी होती, आणि तिच्या हातात लाल पेन नव्हता.

मी ते मूळ मजकुरात ठेवलं. मॅडमनी भुवया उंचावल्या, पण काही बोलल्या नाहीत.

मग दुसरी आवृत्ती घ्यायची म्हणून आत्याकडे गेले. आत्याने लहानपणी तिच्या आजीकडून ही गोष्ट ऐकलेली. खुर्चीवर बसवलं, मोबाइल समोर धरला, तर तिला एक वाक्य सुचेना. “वाती आण गं,” म्हणाली. कापूस हातात आला आणि गोष्ट सुरू झाली. वाघ्यांना जिथे तास लागला तिथे आत्याने सात मिनिटांत काम उरकलं. सारीपाट दोन वाक्यांत, वनवास एका वाक्यात. पण बाणू जेजुरीला आली आणि म्हाळसेने तिच्या अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणून नाक मुरडलं, तिथे मात्र ती रेंगाळली. घोंगडी, ताकाचा डेरा, बाणूचं उलट उत्तर, सगळं खुलवून. वाणसौदेवाल्यांच्या घरची म्हाळसा आणि धनगराची बाणू यांच्यात मीठ कुणी जास्त टाकलं यावरून झालेला खटका तर वाघ्यांकडे नव्हताच.

चार दिवसांनी उतरवलेलं तिला वाचून दाखवलं. ती शांतपणे ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, “हे मी नाही सांगितलं.” मी मोबाइलवर तिचाच आवाज ऐकवला. “हां, शब्द माझेच आहेत. पण तू वाचतेस ते बातम्यांसारखं.”

वाघ्यांना मी दोन महिन्यांनी पुन्हा गाठलं, दुसऱ्या एका जागरणात. त्यांना आधी विचारलं, “दर वेळी असंच असतं का?” “शब्द इकडचा तिकडं न्हाई,” ते म्हणाले. तो सगळा जागर मी पुन्हा उतरवला. पहिल्या वेळी बाणूची मेंढरं नऊ लाख होती, दुसऱ्या वेळी बारा. पहिल्या वेळी देव स्वतः पाणी भरत होता, दुसऱ्या वेळी पाण्याचा प्रसंगच नाही, त्याऐवजी नव्या नवरीकडे बघून तिच्या सासूला दोन टोमणे. मला वाटलं, वाघ्यांनी मला फसवलं.

मॅडमनी एक प्रकरण वाचायला दिलं. १९३३ ते ३५ च्या काळात मिलमन पॅरी हा अमेरिकन प्राध्यापक युगोस्लाव्हियात ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन गेला आणि तिथल्या लिहिता-वाचता न येणाऱ्या गायकांची वीरगीतं अॅल्युमिनियमच्या तबकड्यांवर घेतली. होमर कसा रचला गेला असेल, हे त्याला जिवंत माणसांकडून समजून घ्यायचं होतं. त्यातला एक गायक अगदी आमच्या वाघ्यांसारखंच म्हणतो : शब्दाला शब्द, ओळीला ओळ, तेच गातो. आणि तबकड्या ऐकल्या तर गाणी वेगळी. पॅरीचा शिष्य आल्बर्ट लॉर्ड याने दाखवून दिलं की गायक खोटं बोलत नव्हता. ‘शब्द’ म्हणजे त्याच्या लेखी आपल्यासारखा सुटा शब्द नव्हताच. हे वाचलं त्या रात्री वाघ्यांवरचा माझा राग गेला.

तरी तोंडी परीक्षेला पोटात गोळा होताच. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, मृदू बोलणारे. पहिलाच प्रश्न : “लिहिलेलं नाही ते साहित्य कसं?”

मी पाठ करून गेले होते. इंग्रजीतल्या शब्दात लॅटिन ‘लिटेरा’ आहे, म्हणजे अक्षर, म्हणून तिकडे हा प्रश्न पडतो. आपला शब्द वाङ्मय, वाचेचं ते. साहित्य तर ‘सहित’वरून, शब्द आणि अर्थ बरोबर नांदतात ते. त्यात लिखाण कुठेच नाही.

“व्युत्पत्तीवर प्रबंध उभा राहत नाही, बाई.”

मग मी वेद काढले. श्रुतीच म्हणतो आपण त्यांना. परीक्षक जरा पुढे सरकले. “वेदांना पदपाठ आहे, क्रम, जटा, घन आहे. अक्षर जागचं हलू नये म्हणून शब्द पुढून मागून उलटेपालटे घोकतात. तुमची बाणाई तर दर रात्री हलते. मेंढरं तीन लाखांनी वाढतात!”

हा प्रश्न खरा होता आणि त्याला मी पाठ केलेलं उत्तर नव्हतं. क्षणभर गप्प झाले. मग जे तोंडात आलं ते बोलले : म्हणजे सर, तुमचा आक्षेप लिहिण्यावर नाहीच, हलण्यावर आहे. वेद न लिहिताही हलले नाहीत. आणि लीळाचरित्र लिहूनही हललं. म्हाइंभटाने १२७८ च्या सुमारास चक्रधरांच्या आठवणी माणसा-माणसाला विचारून गोळा केल्या, पुढे धामधुमीत ती प्रत गेली, मग ज्यांना आठवत होतं त्यांच्याकडून ग्रंथ पुन्हा उभा केला. हिराइसेचं पाठांतर कामी आलं. म्हणून त्यात पाठभेद आहेत, महानुभाव त्यांना ‘वासना’ म्हणतात आणि झाकून ठेवत नाहीत. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ म्हणून आपण तो शिकवतो आणि पाठभेद आहेत म्हणून कुणी त्याला वगळत नाही. मी माझ्या तीन बाणाई तशाच शेजारी-शेजारी ठेवल्यात. कुठलीही एक खरी ठरवलेली नाही.

ते काही बोलले नाहीत. परिशिष्टाची पानं चाळत राहिले. त्या आजीच्या ओळीपाशी थांबून हसले. “ही तळटीपेत न टाकता वर ठेवलीत, ते बरं केलंत.”

खरी अडचण त्यानंतर आली. संदर्भसूचीच्या ठरलेल्या नमुन्यात लेखक, प्रकाशक, वर्ष असे रकाने होते, आणि रिकामा रकाना चालणार नाही असं कचेरीतून सांगितलं. प्रकाशकापुढे काय लिहू? वर्ष कोणतं, म्हाळसेचं का माझ्या मोबाइलचं? लेखकाच्या रकान्यासाठी वाघ्यांना फोन केला. “आमचं कशाला? द्येवाचं हाय त्ये.” फोन ठेवला आणि तासाभराने त्यांचाच आला. “ताई, नाव लागतच आसंल तर आमच्या बापाचं लिव्हा. त्यानं शिकीवलं.” मी ‘परंपरेने, वडिलांकडून’ असं लिहून दोघांचीही नावं टाकली. आत्या म्हणाली, माझं नको, लोक म्हणतील हिला काय येतंय. तिच्यापुढे ‘एक आत्या’ एवढंच आहे.

गुण बासष्ट मिळाले. प्रबंधाची बांधलेली प्रत ग्रंथालयात द्यायची होती. मागच्या पुठ्ठ्याला आतून पाकीट चिकटवून मी त्यात पेन ड्राइव्ह ठेवला होता, तिन्ही ध्वनिमुद्रणांचा. खिडकीवरच्या माणसाने दाखल नोंदवही पुढे ओढली, शीर्षक लिहिलं, पानं मोजून १४६ असं लिहिलं, मग पाकीट चाचपलं. “हे काय?” मी सांगितलं. त्याने नोंदवहीकडे पाहिलं, पानांच्या रकान्याशेजारी जागा आहे का बघितलं, पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला आणि पुस्तकावर शिक्का मारला.

तो आता देवघरातल्या डब्यात आहे, भंडाऱ्याच्या पुडीशेजारी. टोपण थोडं पिवळं झालंय.