भूतान: नकाशावर जवळ, रस्त्याने लांब

थिंफूहून पुनाखा साधारण 75 किलोमीटर, म्हणजे आपल्या ठाण्याहून लोणावळ्याइतकंच. पण गाडीला तीन तास धरा. भूतानच्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेला वाहतात आणि हमरस्ता पूर्व-पश्चिम जातो. त्यामुळे खोरं बदलायचं म्हणजे मधला डोंगर चढून उतरायचाच. थिंफू सुमारे 2,300 मीटरवर, दोचुला खिंड 3,100 वर आणि पुनाखा एकदम 1,200 च्या आसपास. वर कानटोपी घालून चहा घेतला आणि खाली भातखाचरं, केळी दिसू लागली तसे स्वेटर उतरले. गाडी लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्या. वळणं सुरू झाल्यावर काही उपयोग नाही.

इतिहासही खोऱ्याखोऱ्यांचाच. 17व्या शतकात तिबेटहून आलेल्या झाबद्रुंग नवांग नामग्याल यांनी ही खोरी एका अमलाखाली आणली आणि मोक्याच्या जागी झोंग उभारले: अर्धा किल्ला, अर्धा मठ. पुनाख्याचा झोंग 1637-38 मधला, फो छू आणि मो छूच्या संगमावर. थंडीत थिंफूचे भिक्षू अजूनही इथे मुक्काम हलवतात, कारण इथे ऊब असते. आत जाताना पूर्ण बाह्या, पूर्ण पँट हवी आणि टोपी काढायची. राजेशाही 1907 ची, राज्यघटना आणि पहिली संसदीय निवडणूक 2008 ची.

माणसं नवी मुंबईपेक्षाही कमी, आठ लाखांच्या आत. पश्चिमेला ङालोप, पूर्वेला शारचोप, दक्षिणेला नेपाळी बोलणारे ल्होत्शाम्पा. या ल्होत्शाम्पांपैकी सुमारे एक लाख लोकांना 1990 च्या दशकात देश सोडावा लागला. आनंदी देशाच्या जाहिरातीत हे येत नाही. हिंदी बऱ्याच जणांना कळतं. एमा दात्शी म्हणजे चीज घातलेली मिरचीचीच भाजी. झेपणार नसेल तर बटाट्याची केवा दात्शी मागवा.

जायचं कसं? मुंबई-बागडोगरा विमान, तिथून गाडीने सीमेवरचं जयगाव, कमान ओलांडली की भूतानातलं फुंत्शोलिंग. परमिटला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, नुसतं आधार चालत नाही. भारतीयांना माणशी, रात्रीमागे 1,200 रुपये शुल्क. 6 ते 12 वयाला निम्मं. जून ते सप्टेंबर दरडी कोसळून थिंफूचा रस्ता अडतो. भूतानातल्या पारो विमानतळावर थेट उडणार असाल तर लक्षात ठेवा: तिथे वैमानिक डोंगर डोळ्यांनी बघूनच उतरतो, तेही फक्त दिवसा. ढग आले की विमान लटकतं. परतताना मुंबईचं पुढचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका.